बायको मुलीच्या रकान्यात

ही गोष्ट मी सांगायला लागलो की बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "विम्यापासून नाही, तांदळापासून सुरू करा!" तेव्हा तांदळापासून.

लग्नात गृहप्रवेशानंतर माझ्यापुढे तबकात तांदूळ पसरून ठेवले आणि गुरुजी म्हणाले, अंगठीनं नाव लिहा. बायकोचं माहेरचं नाव चांगलं होतं. छोटं, दोन अक्षरी, हाक मारायला सोपं. त्याला काही धाड भरली नव्हती. पण बदलायचं असतं म्हणून बदलायचं. आणि मी त्या काळी नाशिकच्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणणारा माणूस, मला साधं नाव सुचणार कसं? मी पाच अक्षरी नाव काढलं, त्यात दोन जोडाक्षरं. लिहिता लिहिता तबक संपलं आणि शेवटचं अक्षर काठाशी मुडपून घालावं लागलं. मावशीनं ते मोठ्यानं वाचताना दोनदा ठेच खाल्ली. बायको मान खाली घालून तांदळाकडे बघत होती. मला वाटलं, लाजते आहे. पुढे कधीतरी तिनं सांगितलं, ती जोडाक्षरं सोडवत होती.

तर पहिलं नाव मी दिलेलं, मधलं नाव वडिलांचं जाऊन माझं, आडनावही माझं. सकाळी एक बाई मांडवात आली होती, संध्याकाळी कागदावर दुसरीच होती. आपल्याकडे यात कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. वाटायला कुवेतला जावं लागलं.

युद्ध संपून तेलविहिरींच्या आगी विझल्यावर तिकडे जी भरती झाली, तिच्यात मी गेलो. अहमदीच्या पलीकडे आमचा पेट्रोकेमिकलचा प्लांट, फहाहीलला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. दोन वर्षांनी बायको आली, कडेवर मुलगी घेऊन. तिथं दिवस महिन्यांनी मोजत नाहीत, इकाम्यानं मोजतात. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, पासपोर्टात चिकटवलेला. तो आहे तोवर तुम्ही शेजारी, मित्र, साहेब, गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार, सगळं काही. तो संपला की तुम्ही फक्त विमानतळाकडे जायचं राहिलेलं सामान. माझा इकामा कंपनीचा मंदूब, म्हणजे कचेऱ्यांच्या चकरा मारणारा खास माणूस, परस्पर करून आणायचा. कुटुंबाचाही तोच करायचा. त्यामुळे बायको माझी बायको आहे हे सरकारला कसं पटवलं गेलं होतं, याची मला गंधवार्ताही नव्हती.

दोन हजार सालाच्या आसपास नवा नियम आला. परदेशी माणसानं सरकारी आरोग्य विमा घ्यायचा, स्वतःचा आणि घरातल्या प्रत्येकाचा. विम्याचा कागद दाखवल्याशिवाय इकामा नाही, आणि दोन्ही असल्याशिवाय सरकारी दवाखाना नाही. कंपनीनं हात वर केले: तुमचा विमा आम्ही काढू, कुटुंबाचा तुमचा तुम्ही काढा. जुना मंदूब नोकरी सोडून मायदेशी गेला होता, आणि नवा फक्त "इन्शाल्ला" म्हणायचा.

इकडे बायकोला आठवा महिना लागला होता, आणि तिचा इकामा संपत आला होता.

विमा विकायला सरकारनं एका मोठ्या हॉलमध्ये ओळीनं खिडक्या मांडल्या होत्या. विम्याला तिकडे तामीन म्हणतात, म्हणून आम्ही त्या हॉलला तामीनबाजार म्हणायचो. सगळ्या खिडक्यांवर एकच माल, एकच भाव. पण मराठी माणूस खिडकी निवडल्याशिवाय राहील तर शपथ. "तिसऱ्या खिडकीवरच्या विम्यात दातही येतात," असं प्लांटमधला एक पुणेकर मला खासगीत सांगून गेला. दात कुठल्याच खिडकीवर येत नव्हते, हे त्याला दाढ ठणकल्यावर कळलं.

खिडकीआधी हॉलबाहेर टंकलेखकांच्या टपऱ्या होत्या. फॉर्म अरबीतच पाहिजे. आमच्या वाट्याला एक जाडजूड मिसरी, म्हणजे इजिप्तचे, गृहस्थ आले. मी तोऱ्यात बायकोचा आणि मुलीचा पासपोर्ट त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते टकटक करत होते, मी घाम पुसत होतो. कागद हातात आला तेव्हा मी तो तज्ज्ञाच्या चेहऱ्यानं वरपासून खालपर्यंत तपासला. मला अरबी आकडे तेवढे वाचता येत होते. आकडे बरोबर होते. मी मान डोलावली, खिडकीवर पैसे भरले, शिक्का मारून घेतला, आणि घरी जाऊन बायकोला म्हणालो, "मंदूब काय जादू करायचा? हे बघ, एका सकाळीत काम."

"वाचलंत का नीट?"

"वाचलं म्हणजे? आकडा न् आकडा!"

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन जवाजातमध्ये, म्हणजे इकाम्याच्या कचेरीत गेलो. काचेआड एक तरुण कुवेती कारकून होता. अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, समोर दोन मोबाइल. त्यानं विम्याचा कागद वाचला, पासपोर्ट उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"दोन मुली," तो इंग्रजीत म्हणाला.

"एक मुलगी, एक बायको."

"कागदावर दोन मुली." त्यानं बायकोच्या फोटोवर बोट ठेवलं. "ही मोठी."

"ती बायको आहे!"

त्यानं शांतपणे माझी जन्मतारीख बघितली, तिची बघितली, बोटांवर हिशेब केला आणि शेजारच्या कारकुनाला अरबीत काहीतरी सांगितलं. दोघंही खो खो हसले. मग तो मला म्हणाला, "ब्रदर, ही झाली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. माशाल्ला!"

काय झालं होतं ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि त्या एसीत मला घाम फुटला. तिकडे नावापुढे बापाचं नाव येतं आणि ते मरेपर्यंत येतं. लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. ती बापाची असते तशीच राहते. त्यामुळे जिच्या नावापुढे माझं नाव, ती माझी मुलगी. मिसरी गृहस्थांपुढे दोन पासपोर्ट आले, दोघींच्या नावापुढे मी, त्यांनी दोन मुली टंकून टाकल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बायकोच्या नावात स्वतःचं नाव घालून ठेवण्याची हौस आमची.

"लग्नाचा दाखला आण," कारकून म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

दाखला होता. साक्षांकित, अरबी भाषांतरासकट, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, बायकोनं जपून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी मी तो काचेखालून विजयी मुद्रेनं सरकवला. त्यानं तो वाचला, आणि या वेळी तो हसला नाही.

"ही बाई कोण?"

लग्नाच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव होतं. अर्थातच, लग्न लागताना ती तीच होती. दोन अक्षरी नाव, पुढे तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टातल्या बाईच्या नावाशी त्यातला एकही शब्द जुळत नव्हता.

"हीच ती," मी म्हणालो.

"नाही. तुझी बायको ही." त्यानं दाखल्यावर बोट आपटलं. "ही कुवेतला आलेली नाही. कुवेतला आलेली ही." बोट पासपोर्टावर. "ही तुझी मुलगी."

मी त्याला आमची पद्धत सांगायचा प्रयत्न केला. पण काचेच्या फटीतून, मागे वीस माणसं ढकलत असताना, मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या अरबीत, नवरा तांदळात बायकोचं नाव लिहितो हे कुणाला सांगून बघा. "तांदूळ?" तो म्हणाला. "खायचा तांदूळ?" मागच्या माणसांपैकी एक केरळी म्हणाला, "भाई, राइस का दुकान उधर है."

जुन्या मंदूबनं वकिलातीतून कुठलंतरी प्रतिज्ञापत्र करून या दोन बायकांची एक बाई केली असणार, आणि ते कुठल्यातरी फाइलच्या पोटात असणार. मी वकिलातीत फोन केला. नवं प्रतिज्ञापत्र मिळेल, म्हणाले. अर्ज करा, आठवडाभरानं या, मग त्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग भाषांतर, मग त्या भाषांतरावर शिक्का. तेवढे दिवस आमच्या हातात नव्हते.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं, जरा विनोदी करूनच. बायको पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती. मुलगी सात वर्षांची, तिकडच्या भारतीय शाळेत जाणारी, मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. ती म्हणाली, "सो आई इज माय सिस्टर?"

"हो," बायको म्हणाली. "आणि मी मोठी. तेव्हा रिमोट इकडे दे."

त्या दिवसापासून तिनं मला 'अहो' म्हणायचं सोडलं. "बाबा, चहा घेणार का? बाबा, गॅसवाल्याला फोन केलात का?" मीही हसत होतो. हसणं थांबलं ते शेजारच्या वहिनी आल्यावर. वहिनी रत्नागिरीच्या, सरकारी प्रसूतीच्या हॉस्पिटलात नर्स. ड्यूटीवरून आल्या की आमच्याकडे घोटभर चहा प्यायच्या. त्यांनाही मी तीच गोष्ट तशीच रंगवून सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला.

"भावोजी, ह्यात हसण्यासारखं काय नाही हां. हिची फाइल उघडली का आमच्याकडे?"

"इकामा झाला की उघडायची."

"इकामा, विम्याचा कागद आणि लग्नाचा कागद. तीनही लागतात. आणि तीनही एकाच बाईचे लागतात." त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला, जणू काही मुलीला इंग्रजीच कळत होतं आणि मराठी कळत नव्हतं. "कागदावर ही तुमची मुलगी. नवरा कुठे दिसत नाही. आणि पोटुशी. अशी बाई आमच्या दारात आली ना, तर आधी डॉक्टर नाही येत. आधी पोलीस येतो."

एसीचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

"पण सगळ्यांना माहीत आहे—" मी म्हणालो.

"सगळे म्हणजे कोण? मंडळातले लोक? त्यांना विचारून फाइल उघडतात होय?"

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आठवलं की अजून माझा पाय हलायला लागतो. प्लांटमध्ये मी कंट्रोल रूममधल्या घड्याळाकडे बघायचो. हाफ डे टाकून जवाजातला जायचो, तिथून तामीनबाजारात. तिथला माणूस म्हणायचा, चूक दुरुस्त करतो, पण आधी जवाजातचा कागद आण की ती बायको आहे. जवाजातचा म्हणायचा, आधी तामीनचा कागद दुरुस्त करून आण. मिसरी गृहस्थांना गाठलं, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून समजूत घातली, "मुली म्हणजे अल्लाची देणगी." बाहेर धूळ उठलेली, गाडीच्या काचेवर पिवळा थर. घरी आलो की बायकोच्या चेहऱ्याकडे आधी बघायचो. तिनं जरा पाठ चोळली की मी किल्ली हातात घेऊन उभा.

"बसा हो. नुसती पाठ दुखतेय."

"नक्की ना?"

"नक्की. आणि समजा दुखायला लागलंच तर नेणार कुठे, बाबा?"

हे ती थट्टेत म्हणाली, पण म्हटल्यावर दुसरीकडे बघायला लागली.

तिनं मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट सांगितली होती. "मला घेऊन चला. बायकांची खिडकी वेगळी असते." खरं होतं ते. कुवेतच्या कचेऱ्यांत बायकांसाठी वेगळी रांग असते, छोटी असते, आणि आमच्यातले कित्येक शहाणे तेवढ्यासाठी बायकोला बरोबर न्यायचे. मी नेत नव्हतो. या अवस्थेत, या उन्हात, असं मी म्हणायचो. आणि मनात हेही असायचं की कागदांची कामं आपली. तिला काय सांगता येणार?

शेवटी वहिनींनीच मला झापलं. "नाव तिचं, बाप तिचा, लग्न तिचं. तुम्ही खिडकीवर उभे राहून काय सांगताय? तिला न्या. मी रजा टाकते, मुलीकडे मी बघते."

तामीनबाजारात बायकांचा कोपरा लाकडी आडोशानं वेगळा केला होता. पुरुषांनी त्याच्या आत जायचं नाही. मी आडोशाला चिकटून उभा राहिलो, छातीशी फोल्डर धरून. आत टेबलापलीकडे एक बाई बसली होती. वयानं बायकोपेक्षा बरीच मोठी, काळा अबाया, सोन्याच्या साखळीतला चष्मा, समोर काळ्या चहाचा चिमुकला ग्लास आणि साखरेची वाटी. बायकोचं पोट बघून ती स्वतः उठली आणि खुर्ची पुढे ओढली. "बैठो, बैठो." जुन्या कुवेती माणसांना हिंदी थोडं येतंच. बायकोसाठी आणखी एक ग्लास चहाही आला. आठवडाभर मला उभ्यानं पाणीही कुणी विचारलं नव्हतं.

"नाव?"

बायकोनं मी दिलेलं नाव सांगितलं. त्या बाईनं ते म्हणून बघितलं. पहिल्या जोडाक्षराला अडकली, दुसऱ्याला पडली. "मुश्किल," ती म्हणाली. "कुणी ठेवलं हे?"

"नवऱ्यानं."

"नवऱ्यानं?" तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "बापानं काय ठेवलं होतं?"

बायकोनं ते दोन अक्षरी नाव सांगितलं. ती बाई ते एका झटक्यात म्हणाली, अगदी आमच्या सासूबाई म्हणायच्या तसं. "हे चांगलं आहे. मग हे खलास का केलं?"

आणि मग बायकोनं एक गोष्ट केली, जी मला आठ दिवसांत सुचली नव्हती. तिनं चहाच्या ग्लासखालची बशी घेतली, वाटीतली साखर तिच्यात पसरली, बोटातली अंगठी काढली आणि साखरेत नाव लिहायला लागली. "असं. लग्नात. नवरा लिहितो. तांदळात." बशी लहान. पाच अक्षरं मावेनात. शेवटचं अक्षर तिनंही काठाशी मुडपलं.

त्या बाईनं हाका मारून शेजारच्या दोघींना बोलावलं. तिघी बशीवर वाकल्या. काय काय बोलत होत्या, हसत होत्या. एकीनं आपल्या अंगठीनं साखरेत काहीतरी लिहून बघितलं. माझा मात्र जीव वर-खाली होत होता, कारण हॉल बंद व्हायची वेळ जवळ येत होती आणि इथं साखरेचा खेळ चालला होता.

मग त्या बाईनं विचारलं, "आणि बापाचं नाव? तेही खलास?"

"तेही."

"एका दिवसात?"

"एका दिवसात."

तिचं हसू ओसरलं. "बाप आहे?"

"नाही," बायको म्हणाली. "गेल्या वर्षी गेले."

गेल्या वर्षी ते गेले तेव्हा तिला तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. घरी त्यावर आम्ही फार बोललो नव्हतो. ती बाई आपल्या भाषेत पुटपुटली, त्यांच्यासाठी दुवा मागितली असावी. मग म्हणाली, "आता त्याचं नाव तुझ्याजवळ कुठे आहे?"

बायकोनं पासपोर्ट उघडला, पण पहिलं पान नाही. एकदम शेवटचं. आमच्या पासपोर्टात तिथं आई, वडील आणि नवरा यांची नावं असतात. "इथे," ती म्हणाली, आणि वडिलांच्या नावावर बोट ठेवून ते तसंच ठेवलं. त्यांच्या खाली मी होतो, नवऱ्याच्या जागी.

आठ दिवस तो पासपोर्ट माझ्या खिशात होता. पहिल्या पानाच्या मी इतक्या झेरॉक्स काढल्या होत्या की दुकानदार मला सलाम करायचा. शेवटच्या पानाकडे मी बघितलं नव्हतं आणि काचेआडच्या कुणाला बघायला सांगितलंही नव्हतं. बायकोला ते पान माहीत होतं, कारण वडील गेल्यावर ती ते अधूनमधून काढून बघायची. हे मला तिनं नंतर सांगितलं, तेही विचारल्यावर.

त्या बाईनं लग्नाचा दाखला मागितला. मी फोल्डर आडोशावरून दिला. तिनं दाखल्यावरचं वडिलांचं नाव पासपोर्टातल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, मग माझं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू. इकडे ये."

मी आडोशाच्या कडेशी गेलो.

"हिचं नाव खराब होतं?"

"नाही. चांगलं होतं. फार चांगलं."

"मग?"

"पद्धत आहे," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. एवढंच. प्लांटच्या मॅनेजरनं आजवर मला अनेक वेळा फाडलं, पण त्या 'हं'ची सर कशालाच नाही.

तिनं एक कोरा कागद बायकोपुढे ठेवला. दोन्ही नावं माझीच, असं लिही आणि दोन्ही सह्या कर. बायकोनं सध्याची सही केली, नेहमीची, जरा सांभाळून. मग तिच्या खाली जुनी. ती मी कधी बघितली नव्हती. एका ओघात झाली, हात न उचलता, शेवटी शेपटी ओढून खाली एक टिंब. शाळेपासूनची सही. सही करून तिनं पेन लगेच खाली ठेवलं नाही.

त्या बाईनं नवा कागद केला. त्यावर पासपोर्टातलं नाव, पुढे माहेरचं नाव, पुढे अमक्याची मुलगी, पुढे अमक्याची बायको. सगळे एकाच ओळीत. खाली शिक्का. "आता कुणी विचारणार नाही," ती म्हणाली. आणि साखरेची बशी उचलून तिनं स्वतःच्या चहात रिकामी केली, माझ्या पाच अक्षरांसकट.

जवाजातमधल्या तरुणानं तो कागद वाचला आणि विचारलं, "मोठी मुलगी?"

"खलास," मी म्हणालो.

"मुबारक," तो म्हणाला आणि इकामा चिकटवला. हॉस्पिटलात फाइल उघडली. वहिनींनी ती स्वतः तपासली आणि तेव्हा कुठे आमच्याकडे पुन्हा चहा घेतला.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. एका सकाळी मुलीची शाळेची बस गेली आणि बायको दाराला धरून उभी राहिली. या वेळी ती 'बाबा' म्हणाली नाही. "अहो, चला," म्हणाली.

तिकडे पुरुषांना आत सोडत नाहीत. बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर देशोदेशीचे बाप बसलेले. कुणी माळ ओढतोय, कुणी बूट घासतोय. मी सारखा उठत होतो, पाण्याच्या कूलरपर्यंत जात होतो, पाणी न पिता परत येत होतो. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वर. एक फिलिपिनो नर्स फाइल बघून बाईचं नाव पुकारायची, एक बाप उठायचा, बाकीच्यांच्या माना खाली.

मी कान देऊन होतो. मी दिलेल्या त्या नावाचं तिकडे दर वेळी काहीतरी नवंच व्हायचं, त्यामुळे मी सगळ्या मोडतोडींची तयारी ठेवली होती. दार उघडलं. नर्सनं एक छोटंसं नाव पुकारलं. मी आजूबाजूला बघितलं. कुणी उठलं नाही. तिनं पुन्हा पुकारलं, पुढे बापाचं नाव जोडून. कसला माणूस आहे, मी मनात म्हणालो, बायको आत आणि हा बाहेर चहा पीत असेल. नर्स वैतागून आत गेली. मी शेजारच्या पाकिस्तानी गृहस्थांना म्हणालोसुद्धा, "देखिए, लोग कैसे होते हैं."

मग दारातून वहिनी बाहेर आल्या, टोपी वाकडी, चेहरा लाल. "भावोजी! बसलात काय खुर्ची धरून? दोनदा हाक मारली ना!"

"मला?"

"नाही तर कुणाला? फाइलवर दोन नावं होती, तिला जे म्हणता आलं ते तिनं म्हटलं!"

मी उठलो. दारात ती नर्स फाइल घेऊन उभी होती. खात्रीसाठी तिनं पुन्हा ते दोन अक्षरी नाव घेतलं, सासऱ्यांचं नाव घेतलं, आणि विचारलं, "तुम्ही यांचे मिस्टर?"

मी "हो" म्हणालो. मग तिनं मला बाळ बघण्यापुरतं आत सोडलं.

बायको पडद्याआड पडून होती, केस कपाळाला चिकटलेले. शेजारी कापडात गुंडाळलेलं काहीतरी, मुठी आवळून. "मुलगी," ती म्हणाली. "तुमच्या त्या टाइपरायटरवाल्याचं खरं झालं. दोन मुली." मग म्हणाली, "किती वेळ लावलात! कधीची बोलावतेय ती."

"मला कळलंच नाही कुणाला बोलावतायत."

"का? काय म्हणून हाक मारली तिनं?"

तिला सांगायचं म्हणून मी ते नाव घेतलं. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती, आणि ते माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं.

"ओ," ती म्हणाली. हाकेला देतात तशी. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिनं एकदम बाळाचं कापड सारखं केलं, आणि म्हणाली, "हिचं नाव मी ठेवणार. दोन अक्षरी. आणि हिच्या लग्नात तांदूळ फक्त अक्षतांना."